दाराची फट

ऑरिन टर्व्होच्या शेतात दोन गाड्या,
एकाच कारखान्यातल्या, एकाच सालच्या, सासष्टच्या.
सख्ख्या बहिणीच म्हणा:
एक टोपी घातलेली, एक बोडकी.
"विकीन एकच," ऑरिन म्हणाला,
"दुसरीत माझ्या कोंबड्या अंडी घालतात."
कुठलीत, ते सांगेना.

मी सरळ बोडकीकडे गेलो.
एकाहत्तरावं सरलं तरी पाय अजून
मूर्खपणाची वाट बरोबर ओळखतात.
कापडाचं छत कधीच कुजून गेलेलं,
उरल्या होत्या नुसत्या कमानी,
कुणी खाऊन ठेवलेल्या माशासारख्या.
तळातून एक बर्च उगवलेला, मनगटाएवढा,
ऐन क्लचच्या जागी.
"झाडच चालवतंय," मी म्हटलं.
लोर्ना हसली नाही. तिच्याकडे वही होती.

माझी नात. वय सोळा.
पाठीवर सरकत गाडीखाली गेली
आणि उंबऱ्याच्या पत्र्यात पेचकस खुपसला.
चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा, तसा गेला.
निगॉनीच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात,
ते बर्फ खातं, मग गाड्या खातं.
मग तिने मधोमध जॅक लावला,
मी दार लोटून पाहिलं.
लागेना.
वरची फट बोटभर होती, ती दोन बोटं झाली.
आवाज नाही, काही नाही.
खाण बंद होणार असल्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी
माझा थोरला भाऊ हर्मन
खुर्चीत बसल्या बसल्या मोडला होता, तशी.

"छत नुसतं सावलीला नसतं, आजोबा,"
गाडीखालून आवाज आला,
"तेच सगळं धरून असतं."
मीच शिकवलेलं वाक्य.
व्याजासकट परत करत होती.

हार्डटॉपच्या टपावर एप्रिलचा बर्फ अजून होता.
आत कोरडं.
एक हातमोजा, उंदराने कुरतडलेली गादी,
आणि मागच्या सीटवर
एक अंडं. ऊबदार.
म्हणजे कोंबड्यांनी आधीच ठरवलं होतं.

लोर्नाने वही उघडली.
उंबरे. फरशी. कमानी. कापड.
आधी दारांत आडव्या सळ्या जोडायच्या,
मग कापायला घ्यायचं,
नाहीतर गाडी पुस्तकासारखी मिटेल.
"बोडकीला चार वर्षं लागतील," ती म्हणाली,
"आणि तेव्हा तू—"
आणि जीभ चावली.

ऑरिनच्या सॉनाचा धूर सरळ वर चालला होता.
त्याने खिसे चाचपले,
ज्यांत काही नाही हे त्याला माहीत होतं.
"पंच्याहत्तर," मी म्हटलं.
"बेरीजच आहे पोरी, घाबरतेस कशाला?"
तिने वहीत काहीतरी खोडलं.
काय, ते मी पाहिलं नाही.

खरं सांगू? हार्डटॉप हीसुद्धा एक थापच.
छत आहे, पण मधला खांब नाही;
चारी काचा खाली घेतल्या
की या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत नुसती हवा.
उघडं डोकं हवं, पण सर्दी नको
अशा लोकांसाठी रचलेलं सोंग.
पन्नास वर्षं मी त्याला नाकं मुरडली.
नोटा मोजून ऑरिनच्या हातात ठेवल्या,
तेव्हाही जरा मुरडलंच.
त्याने अंडं टोपीत घेतलं,
कोंबड्यांना बोडकीत हलवलं.
त्यांना ते पटलं नाही.

पुढच्या वर्षीच्या ऑगस्टात
सुपीरियरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो,
लोर्ना चालवत होती, चारी काचा खाली.
माझी टोपी उडून मागच्या सीटवर गेली.
वेल्डिंगचे तिचे पहिले टाके, वेडेवाकडे,
माझ्या पायाखाली होते. धरून होते.
ऑरिनच्या शेताशी म्हटलं, जरा हळू घे.
बर्च आता काचेच्या वर गेला होता,
बोडकीवर हिरवं छत, वाऱ्याने हलणारं,
फुकटचं.
लोर्नाने हॉर्न दिला. एक कोंबडी फडफडली.
दार अजूनही लागत नसेल.
दोन बोटं असेल फट, किंवा अडीच.
मी मोजायला उतरलो नाही.